अण्णांनी वाचलेली वर्षं

डॉक्टरांनी रबरी हातोडीनं माझ्या गुडघ्याखाली मारलं आणि पाय उडाला नाही, तेव्हा मला हसू आलं. त्यांनी पुन्हा मारलं. दुसऱ्या गुडघ्यावर मारलं, मग घोट्यामागे, मग कोपराशी. काहीच उडेना. बुऱ्हाणपुरातली त्यांची तपासणीची खोली लहानशी; बाहेर नंबर लावून बसलेल्यांची बोलणी आत ऐकू येत होती. मी सरकारी शाळेत आठवीला गणित शिकवते. उत्तर चुकलेल्या पोराचा चेहरा मला लांबून ओळखू येतो. डॉक्टरांचा चेहरा तसा नव्हता. त्यांचं उत्तर बरोबर आलं होतं आणि त्यांना ते नको होतं.

“कितने दिन हुए?”

“चार दिन,” माझे यजमान विजय म्हणाले. “पहले पैरों में झुनझुनी थी. कल स्कूल की सीढ़ी पे बैठी, तो उठ ही नहीं पाई.”

“उसके पहले दस्त-वस्त?”

दोन आठवड्यांपूर्वी तीन दिवस माझं पोट बिघडलं होतं. ते घरात कुणी हिशेबातही धरलं नव्हतं.

“इंदौर ले जाइए. आज. अभी.”

विजयची दापोऱ्याला केळीची बाग आहे. त्या दिवशी कटाईला माणसं बोलावलेली होती. “सुबह निकलें तो चलेगा, डॉक्टरसाब?”

“सुबह तक बात साँस पर आ सकती है,” डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे बघून हळू आवाजात, “घबराना नहीं. लौटती है ये चीज़. बस, टाइम लेती है.”

आजाराचं नाव गियाँ-बारे. सगळे जीबीएस म्हणतात. मला समजलं ते एवढंच, की शरीराचे पहारेकरी आपल्याच घरातल्या तारा कुरतडायला लागतात. आधी पाय जातात, मग हात, मग चेहरा, आणि कुणाकुणाचा श्वासही. डोकं मात्र लख्ख जागं राहतं. ज्यांच्या घरात आत्ता कुणी असं पडून आहे त्यांना हे शेवटचं वाक्य सांगण्यासाठीच मी लिहायला बसले. तुमचं माणूस आत जागं आहे. सगळं ऐकतंय.

इंदूर

तिथले तीन आठवडे मी थोडक्यात सांगणार आहे, कारण मला स्वतःला ते तुकड्यातुकड्यांनीच आठवतात. पाच दिवस शिरेतून औषध दिलं. तिसऱ्या दिवशी श्वास अपुरा पडायला लागला. गळ्यात भोक पाडून नळी बसवली आणि मशीन माझ्यासाठी श्वास घ्यायला लागलं. मी हलत नव्हते, बोलत नव्हते. पापण्या अर्ध्या खाली आलेल्या, आणि फटीतून जे दिसायचं ते दोन-दोन दिसायचं. दोन पंखे, दोन सिस्टर, दोन विजय.

भीती कशी असते, तर ती ओरडत नाही. नाकाच्या शेंड्यावर खाज सुटते आणि तुम्हाला कळतं की ती आता कुणीही, कधीही, खाजवणार नाही. ती तशी.

तिथे पडल्यापडल्या मला एक काळा पडदा आठवायला लागला. सिनेमाचा नव्हे, कॉम्प्युटरचा.

माझे वडील, अण्णा, नेपानगरच्या कागद कारखान्यात मशीनवर होते. जळगावकडून येऊन तिथेच त्यांची उभी नोकरी झाली. मी अकरावीत असताना त्यांनी कुणाकडून तरी एक जुना कॉम्प्युटर क्वार्टरवर आणला. त्यात एक खेळ होता. चित्रं नाहीत, आवाज नाही, नुसती काळ्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं. पहिली ओळ असायची: तुमचा जन्म झाला आहे. मग कुठे झाला, कोणत्या घरात झाला ते. मग एकेक वर्ष. एका वर्षाला दोन ओळी, कधी तीन. मध्येच विचारायचं: शाळा सोडायची, की नाही? एक दाबा, दोन दाबा. लग्न? एक, दोन, तीन. असं करत म्हातारं व्हायचं, नाहीतर मध्येच मरायचं, आणि पुन्हा कुठेतरी जन्मायचं. मी त्या उन्हाळ्यात तीसेक वेळा जन्मले असेन. अण्णा पाळीवरून आले की मागे उभे राहून बघायचे. म्हणायचे काहीच नाही. अण्णा मुळातच बोलत नसत. आई गेली तेव्हाही ते काही बोलले नव्हते.

तीस वर्षांत मला त्या खेळाची आठवण झाली नव्हती. आता मात्र ती सुटेना. त्या खेळात हात लागत नाहीत, पाय लागत नाहीत. लागतं फक्त एक बोट. आणि माझ्याकडे तेही नव्हतं.

टक्

श्वास माझा मला घेता यायला लागला तेव्हा बुऱ्हाणपूरला परत आणलं, आमच्या राजपुऱ्यातल्या घरापासून जवळच असलेल्या एका दवाखान्यात. गळ्यातली नळी होतीच, म्हणून आवाज नव्हता. खिडकीतून दिवसभर पॉवरलूमची खटखट यायची. इंदूरच्या मशीनच्या टूंटूंनंतर मला ती खटखट फार आवडली. बाहेर कुणीतरी काम करतंय, असं वाटायचं.

एक दिवस माझ्या लक्षात आलं, की जीभ टाळूला लावून सोडली की आवाज होतो. टक्. मी तो आवाज करत राहिले. बारावीतली माझी लेक तन्वी पुस्तक घेऊन शेजारी बसली होती. ती दचकली.

“मम्मी? तू केलं ते?”

टक्.

“अण्णाआजोबा, मम्मी बोल रही है!”

माझ्या आजारपणासाठी आमच्याकडे येऊन राहिलेले अण्णा उठून जवळ आले. “नाही म्हणतेय ती,” ते म्हणाले. “टक् म्हणजे नाहीच ना?”

“आजोबा, तुम्ही पण! मम्मी, एक टक् म्हणजे हो. दोन म्हणजे नाही. ओके?”

टक्.

तन्वीनं वहीवर मुळाक्षरं लिहिली. ती एकेक ओळ म्हणायची, बरोबर ओळीवर मी टक् करायची, मग त्या ओळीतलं अक्षर, मग काना-मात्रा. एका शब्दाला दहा मिनिटं लागायची. मी पहिला शब्द सांगितला: खेळ.

“कोणता खेळ?” तन्वी म्हणाली. “मोबाइलवरचा? लुडो?”

टक् टक्.

अण्णा खिडकीशी उभे होते. तिथूनच म्हणाले, “तो काळा. नेपानगरचा. जन्मायचा.”

टक्. टक्. टक्. तन्वी म्हणाली, की इतक्यांदा केलं तर त्याचा अर्थ काय धरायचा?

चार वर्षांचं आयुष्य

तो खेळ जुन्या खेळांच्या कुठल्याशा साइटवर होता. तन्वीनं संध्याकाळपर्यंत तो तिच्या लॅपटॉपवर चालू केला आणि अण्णांना शिकवून अभ्यासाला गेली. मला अक्षरं दिसत नव्हती, म्हणून अण्णांनी वाचायचं ठरलं. अण्णा इंग्रजी वाचत, मनात जुळवत, आणि मग मराठीत सांगत. माझ्या जन्मात मी त्यांचा आवाज सलग इतका वेळ ऐकला नव्हता.

“तुझा जन्म झाला आहे,” ते म्हणाले. मग खाकरले. “डोंगरात. मेंढ्यांचं घर आहे. तू चौथं मूल. पहिलं वर्ष. दात आले. दुसरं वर्ष. चालायला लागलीस. तिसरं वर्ष. ह्या वर्षी फार थंडी पडली.”

मग ते थांबले.

“चौथं वर्ष. ताप.” त्यांनी ओळ पुन्हा वाचली. “गेली.”

मला वाईट वाटलं नाही, खरं सांगते. मला वाटलं, चालायला लागलीस. हे किती मोठं वाक्य आहे! ज्यानं हा खेळ लिहिला त्याला तरी माहीत होतं का, तो काय लिहून गेला आहे ते?

नेमके त्याच वेळी विजय बागेतून आले होते. दारात उभे राहून त्यांनी शेवटचं ऐकलं.

“अण्णा, हे काय लावलंय?” ते एकदम मोठ्यानं बोलले. “बीमार माणसाजवळ मरायचा खेळ? रोज देवाला हात जोडतो मी, आणि तुम्ही इथं बसून तिला मारून दाखवताय?”

“विजयराव, तिनंच मागितलं.”

“तिला काय कळतंय आत्ता!”

त्यांनी लॅपटॉप बंद केला. इंदूरहून परतल्यापासून ते पहाटेपासून बाग आणि दवाखाना असे हेलपाटे घालत होते. वजन उतरलं होतं त्यांचं. पण त्यांच्या एका वाक्यानं माझ्या अंगात नव्हती ती ताकद आली. तिला काय कळतंय. मी टक् करायला लागले. थांबलेच नाही. टक् टक् टक् टक्. पलीकडच्या खोलीतली सिस्टर धावत आली.

विजय वाकले. त्यांचं तोंड माझ्या तोंडाशी आलं. “अलका, तुला पाहिजे हे?”

टक्.

“सगळं कळतं तुला? मी बोलतो ते सगळं?”

टक्.

ते स्टुलावर बसले आणि माझ्या हातावर डोकं ठेवून रडले. तो हात मला हलवता येत नव्हता, पण त्यांच्या कपाळाची ऊब कळत होती. थोड्या वेळानं त्यांनी लॅपटॉप उचलून अण्णांच्या मांडीवर ठेवला आणि बाहेर निघून गेले.

बंदरावरची अलका

दुसऱ्या दिवशी खेळानं नाव विचारलं. अण्णांना वाटलं, खेळणाऱ्याचं नाव विचारतंय. त्यांनी एका बोटानं टाइप केलं: अलका. म्हणून ह्या खेपेला जन्मलेल्या मुलीचं नाव माझंच पडलं.

ती एका बंदरगावात, जाळी विणणाऱ्यांच्या घरात जन्मली. अण्णा रोज दुपारी चार-पाच वर्षं वाचायचे. निवडायची वेळ आली की म्हणायचे, “एक,” आणि थांबायचे. “दोन.” थांबायचे. मी टक् करायची.

आठव्या वर्षी खेळानं सांगितलं, तुम्ही पोहायला शिकलात. झालं, एवढीच ओळ. मी ती ओळ घेऊन पडून राहिले. मला करंगळी उचलता येत नव्हती आणि मी पोहत होते! पाणी कानांत गेलं. मीठ ओठांवर आलं. त्या दिवशी रुबीना मॅडम व्यायामाला आल्या. त्या आमच्याच बुऱ्हाणपूरच्या, फिजिओथेरपी करणाऱ्या. रोज माझे हातपाय एकेक करून हलवायच्या आणि सांगायच्या, “अलकाजी, आप मन से हिलाइए. हाथ मैं हिला रही हूँ, मन आपका चाहिए.” मी त्यांच्या हातात पाय देऊन मनात पोहत होते. त्या थबकल्या.

“अभी क्या किया आपने?”

काहीच केलं नव्हतं.

“मांडी में ज़रा सा खिंचा. मेरे हाथ को लगा.” त्यांनी पुन्हा तळवा ठेवला. पुन्हा काही झालं नाही. पण त्या अण्णांना म्हणाल्या, “चाचाजी, आज क्या पढ़ा इनको? कल भी वही पढ़ना.”

बाराव्या वर्षी खेळानं विचारलं. एक, शाळेत राहायचं. दोन, जाळ्यांच्या कामाला लागायचं. तीन, शहरात मावशीकडे जायचं. मी एकवर टक् केलं. अण्णांनी बटण दाबलं आणि वाचलं, “तुझ्या वडिलांना हे आवडलं नाही.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. पॉवरलूम चालूच.

“मला आवडलं होतं हं,” अण्णा म्हणाले. “तू बीएस्सीला खंडव्याला गेलीस तेव्हा. मी बोललो नाही, पण मला फार आवडलं होतं.”

ही गोष्ट कळायला मला चव्वेचाळीस वर्षं लागली, आणि एक जीबीएस.

बंदरावरची अलका शिकली. नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत लागली. एका माणसाला तिनं लग्नाला नाही म्हटलं, दुसऱ्याला हो म्हटलं. एक वर्ष खेळ म्हणाला, ह्या वर्षी विशेष काही घडलं नाही. अण्णा म्हणाले, “चांगलंच आहे.” मीही टक् केलं, जरी विचारलं कुणी नव्हतं. असं एक वर्ष मिळावं म्हणून माणूस काय देणार नाही!

लांबलेली वर्षं

नकाशेवाली अलका चाळिशीला आली आणि खेळ बदलला. आधी एक वर्ष दोन ओळींत संपायचं. आता एका वर्षाला पंधरा मिनिटं लागायला लागली.

“चाळिसावं,” अण्णा सांगायचे. “ह्या वर्षी तू सायकल घेतलीस. चाळिसाव्या वर्षी शिकतेय म्हणून गल्लीतली पोरं मागे पळतात. तू जाऊन पेरूवालीच्या पाटीवर पडलीस. पेरूवाली तुला बोलली. मग तीच तुझी मैत्रीण झाली. तिला एक डोळा नाही, पण नोट खोटी असली तर बोटानं सांगते.”

बेचाळिसाव्या वर्षी ती नकाशा तपासायला जहाजावर गेली. समुद्रात घराएवढा मासा वर आला. “एक, मासा बघत राहायचं,” अण्णा म्हणाले. “दोन, बाकीच्यांना हाक मारायची. तीन, वहीत लिहून घ्यायचं.” पूर्वी असं कधी विचारलं नव्हतं खेळानं. पूर्वीच्या निवडीत एक चुकीची असायची आणि ती केली की भोगावं लागायचं. आता तिन्ही चांगल्या होत्या. मी मासा बघत राहिले. दुपारभर.

चव्वेचाळिसावं वर्ष मात्र अण्णांनी एका दमात उरकलं. “ह्या वर्षी तिला बरं नव्हतं. मग बरं झालं. पंचेचाळीस.”

त्या दिवसांत उजव्या हाताचा अंगठा हलायला लागला होता. चेहऱ्यात थोडं बळ आलं होतं. रुबीना मॅडम म्हणाल्या होत्या, वरून खाली सुटत जाईल, जे शेवटी गेलं ते आधी येईल. एका सकाळी मी वर बघितलं तर पंखा एकच होता. मी पापण्या मिटल्या, उघडल्या. एकच. भिंतीवरच्या कॅलेंडरातला देवही एकच. कुणाला सांगायच्या आधी मी ते तसंच बघत बसले. एक वस्तू एक दिसणं ही काय चीज आहे, ते ज्याची नजर फुटली नाही त्याला कळायचं नाही.

डॉक्टर दुपारनंतर येणार होते. त्याआधी अण्णा आले. पिशवीतून लॅपटॉप काढला, चष्मा लावला आणि स्टुलावर बसले. नेहमीपेक्षा जरा तिरके बसले असावेत, कारण मला पडदा दिसला. काळा, आणि त्यावर पांढऱ्या तीनच ओळी. इंग्रजीत. मी वाचल्या.

तुमचा मृत्यू झाला आहे.
वय अडतीस.
पुन्हा जन्म घ्यायचा? हो किंवा नाही.

“एक्कावन्न,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी बाणाचं एक बटण दाबलं. पडद्यावर काहीच झालं नाही. ते त्या तीन ओळींकडे बघत वाचत होते, अगदी ओळीवरून नजर फिरवत. “ह्या वर्षी तुझ्या कचेरीत नवीन साहेब आला. त्याला दिशा कळत नाहीत. नकाशाच्या कचेरीत बसतो आणि त्याला उत्तर कुठे ते कळत नाही! आता बघ. एक, त्याला सांगायचं. दोन, होकायंत्र त्याच्या टेबलावर हळूच ठेवून यायचं. तीन—”

मी हिशेब केला. तेरा वर्षं झाली होती ती मरून. म्हणजे आमच्याकडचे बारा-तेरा दिवस. ज्या दिवशी पडद्यावर ती ओळ आली, त्या दिवशी अण्णांनी माझ्याच नावाचा मृत्यू वाचला होता, माझ्या पलंगाशी बसून, आणि ते पुढे वाचत गेले होते. दुसऱ्या दिवशी घरून येताना त्यांना माहीत होतं की पडद्यावर काय आहे. तरी आले होते. तिसऱ्या दिवशीही. ‘हो’ दाबून त्यांना नवा जन्म मिळवता आला असता. पण मग ही अलका तिथेच संपली असती. म्हणून त्यांनी ते बटण दाबलं नव्हतं.

चार दशकं जो माणूस घरात चार वाक्यं बोलला नाही, तो एकटा बसून एका मेलेल्या बाईला वर्षामागून वर्ष देत होता.

“अलका? पुन्हा म्हणतो. एक. दोन. ऐकतेस ना?”

टक्, मी म्हटलं. दोन.

होकायंत्र टेबलावर ठेवून आली ती.

अण्णा चहा प्यायला गेल्यावर माझ्या डोळ्यांतलं पाणी कानांत उतरलं. पुसायला कुणी नव्हतं आणि मला ते पुसायला नकोही होतं. डॉक्टर आले तेव्हा मी त्यांना नजरेचं सांगितलं. अण्णांना सांगितलं नाही.

आवाज

आठवड्यानं गळ्यातल्या नळीवर झाकणासारखं काहीतरी बसवलं आणि डॉक्टर म्हणाले, बोलून बघा. विजय, तन्वी, सिस्टर, सगळे जमले. मी म्हटलं, “पाणी.” आवाज कुणा म्हाताऱ्याचा असावा तसा आला. तन्वी हसली आणि रडली. विजय म्हणाले, “डॉक्टर, पाणी देऊ का?” जणू माझं पहिलंच मागणं होतं आणि ते नाकारून चालणार नव्हतं. पाणी मिळालं नाही. गिळता येतंय का ते बघायला आधी घट्ट दही दिलं, चमच्याच्या टोकावर. दोन दिवसांनी विजयनी दराबा, आमच्या बुऱ्हाणपूरची मिठाई, आणला आणि वाटाण्याएवढा जिभेवर ठेवला. तूप विरघळलं, साखर विरघळली, रवा तेवढा राहिला. त्या वाटाण्याला मी पंधरा मिनिटं लावली.

आवाज आला त्याच दुपारी अण्णा नेहमीसारखे आले होते. एकोणसाठावं वर्ष होतं. त्यांनी चष्मा लावला.

“अण्णा,” मी म्हटलं. “ती मेली ना?”

त्यांनी लॅपटॉप हळूच मिटला. चोरी पकडली गेलेल्या मुलासारखे ते माझ्याकडे न बघता पिशवीचा बंद गुंडाळत राहिले.

“कधीची,” ते म्हणाले. “तुला दिसतंय?”

“आठ दिवस झाले.”

“आठ दिवस दिसतंय, आणि तू टक् टक् करत होतीस?”

“मग काय करणार! तुम्ही वाचत होतात.”

ते हसले. अण्णांना हसताना मी फार थोड्यांदा पाहिलंय. त्यांचा वरचा ओठ थरथरतो.

“कुठून आणलंत हो हे सगळं? पेरूवाली, मासा, तो साहेब?”

“आणलं कुठून... होतंच.” त्यांना सांगायला वेळ लागला. मी थांबले. मला आता थांबता यायला लागलं होतं. “मशीनवर आठ तास उभं राहायचं. आवाज इतका, की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. कागद आपला पळतोय, पळतोय, नुसता पांढरा. डोळे तर त्यावर ठेवावेच लागतात, फाटला तर बघायला. मग काय करणार? मी माणसं बनवायचो. मनात. एक पाळी, एक माणूस. जन्मापासून. कधी एकच माणूस दहा-दहा दिवस चालायचा.”

“आईला माहीत होतं?”

“कुणाला सांगायचं असतं का असलं?”

मी त्यांच्याकडे बघत राहिले. नेपानगरच्या क्वार्टरवर पाळीवरून येऊन, पाय धुऊन, मुकाट जेवणारा हा माणूस. मला वाटायचं, आत काही नाहीच म्हणून ते गप्प आहेत. छत्तीस वर्षं पांढऱ्या कागदासमोर उभं राहून त्यांनी किती माणसं जगवली असतील, आणि त्यातला एक शब्दही त्या कागदावर कधी गेला नाही. मी दोन महिने हलू शकत नव्हते, आत सगळं जागं होतं आणि बाहेर काही येत नव्हतं. मला वाटत होतं हे माझ्यावर आलेलं काहीतरी अजब आहे. माझ्यासमोर बसलेला माणूस जन्मभर तसा होता आणि कुणी त्याला तपासलं नव्हतं.

“एकोणसाठ,” मी म्हटलं. “पुढे?”

त्यांनी लॅपटॉप उघडला नाही.

घरी

घरी आले तेव्हा मला धरून उभं करायला दोन माणसं लागायची. मग एक. मग वॉकर. कुणाला वाटू नये की हे सरळ वर चढत जातं. दोन पावलं पुढे गेले की ताप यायचा आणि एक पाऊल मागे. केस बांधता येत नाहीत म्हणून मी तन्वीवर चिडले, तिच्या बारावीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी. ती तशीच पेपरला गेली आणि चांगली पास झाली, पण ते चिडणं मला अजून टोचतं. पायांची बोटं अजून बधिर आहेत. दुपारनंतर थकवा येतो. शाळेत पुढच्या सत्रात जायचं म्हणते आहे. बघू. आणि तुमच्या पेशंटजवळ बसाल तेव्हा, काही सुचलं नाही तर वर्तमानपत्र वाचा, केळीचा भाव वाचा, पण आवाज करून वाचा.

अण्णा आता आमच्याकडेच असतात. मागच्या महिन्यात एका दुपारी विजय बागेतून लवकर आले. नवी लागवड निसवली होती, घड बाहेर पडायला लागले होते, म्हणून खुशीत होते. ओट्यावर अण्णा चहा घेत बसले होते. विजय त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्या दिवशीच्या भांडणाबद्दल दोघं कधी बोलले नव्हते.

“अण्णा,” विजय म्हणाले, “अलका सांगत होती. मशीनवरच्या माणसांचं.”

अण्णा माझ्या दिशेनं बघून कपात बघायला लागले.

“एखादा सांगा ना मला पण. चालेल तेवढा.”

“मरतात हं ते शेवटी, विजयराव,” अण्णा म्हणाले.

“मरू द्या,” विजय म्हणाले. “जगला कसा ते सांगा.”

मी आत पलंगावर होते. अण्णांचा आवाज बारीक, आतपर्यंत नीट येईना. त्यांनी सुरुवात केलेली ऐकली, एका माणसाची, ज्याला लहानपणापासून घड्याळाची टिकटिक सहन होत नाही आणि ज्याला घड्याळजीच्या घरातच जन्म मिळतो. विजय मध्येच म्हणाले, “अरे बाप रे, मग?” गल्लीतून जाणारी एक बाई थांबली. कॉलेजातून आलेली तन्वी बॅग खांद्यावर तशीच ठेवून पायरीवर टेकली. तो माणूस मोठा झाला, पळून गेला, अशा गावी पोचला जिथे कुणाकडेच घड्याळ नव्हतं. त्याचं लग्न झालं. त्याला जुळ्या मुली झाल्या. अण्णा हात वर करून सांगत होते. त्यांना इतकं हात हलवून बोलताना मी आधी पाहिलं नव्हतं. तो म्हातारा झाला आणि एका सकाळी त्याच्या मुलींनी त्याला विचारलं, बाबा, किती वाजले असतील? आणि त्यानं आकाशाकडे बघून बरोबर सांगितलं.

चहावर साय धरली होती.

तेवढ्यात तन्वीनं वर बघितलं. “मम्मी,” ती अगदी हळू म्हणाली. “तुझा वॉकर तर आत आहे.”

मी ओट्याच्या दारात उभी होते. कधी उठले, कशी आले, काही आठवत नव्हतं. मी खाली बघितलं. दोन्ही हात मोकळे होते.